ओळख पटवताना

संग्रहालयात तिच्या पाठीमागे सगळे तिला भिंगबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. गळ्यात काळ्या नाडीला बांधलेलं भिंग, जेवताना ते पाठीवर टाकायचं आणि कामाला बसलं की पुढे ओढायचं, ही सत्तावीस वर्षांची सवय. तिचा दप्तरखाना जिन्याखाली होता. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत. बाकी खोलीभर लोखंडी मांडण्या आणि त्यांवर करड्या पुठ्ठ्याच्या पेट्या. पेट्यांमध्ये शाळांच्या वर्गांचे फोटो, पुलाच्या उद्घाटनाचे फोटो, बुडालेल्या दुकानांची पत्रं, कोर्टाचे कागद, कुणाकुणाच्या आज्यांच्या तसबिरी.

आलेल्या वस्तूवरची धूळ मऊ कुंचल्याने काढायची, ती चांगल्या कागदात गुंडाळायची, क्रमांक द्यायचा आणि ओळ लिहायची, हे तिचं काम. ओळ म्हणजे फोटोखाली असते ती माहिती. कोण, कुठे, केव्हा. या ओळीच्या बाबतीत ती फार कडक होती. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी बजावायची, "जेवढं मागे लिहिलंय तेवढंच उतरवायचं. आपल्याला काय वाटतं ते आपापल्या घरी नेऊन ठेवायचं." संचालकसाहेब पाहुण्यांना दप्तरखाना दाखवायला आणत तेव्हा अभिमानाने सांगत, "आमच्या बाईंची ओळ म्हणजे दगडावरची रेघ." ती मान खाली घालून पेटीचं झाकण लावत राहायची, पण तिला ते आवडायचं.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी सासूबाई. त्यांचे पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. संग्रहालयाला त्या मेलेल्यांची कचेरी म्हणत. "आली का गं कचेरीतून? आज कोण कोण भेटलं?" असं रोज विचारत, आणि सून खरोखरच सांगायला बसली की पाच मिनिटांत घोरायला लागत. तरी दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

या शहरात पन्नास वर्षांपूर्वी भांड्यांच्या कारखान्यावर गोळीबार झाला होता. संपाचा अठरावा दिवस, फाटकाशी गर्दी, पोलीस आले, आणि दुपारच्या वेळी नऊ कामगार मेले. फाटकासमोर नऊ नावांचा दगड आहे. कारखाना कधीच बंद पडला, दगड राहिला. मेलेल्यांत संपाचे दोन्ही पुढारी होते, नेमके तेच, त्यामुळे तेव्हापासून शहरात एक बोलणं होतं की आतल्याच कोणीतरी पोलिसांना बोट दाखवून ते दाखवून दिले. कोणी, ते कुणाला माहीत नव्हतं. भिंगबाई त्या वेळी चार वर्षांची होती. तीसुद्धा हे ऐकतच मोठी झाली. गल्लीतल्या खेळात चुगली करणाऱ्या पोराला 'फाटकावरचा' म्हणत, इतकं ते शहराच्या अंगात मुरलं होतं.

एक जुनं वर्तमानपत्र बंद झालं आणि त्यांच्या वारलेल्या छायाचित्रकाराचं सगळं सामान संग्रहालयात आलं. बारा पत्र्याच्या पेट्या. छापील फोटो वरच्या पेट्यांत नीट होते. निगेटिव्ह फिल्मा खालच्या डब्यांत, आणि त्या इतक्या खराब झालेल्या की डबा उघडला की आंबलेला वास नाकात शिरून डोळ्यांतून पाणी यायचं. त्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या लावल्या आणि ते बाजूला ठेवले. गोळीबाराला पन्नास वर्षं होणार म्हणून प्रदर्शन ठरलं होतं, हाताशी सहा आठवडे होते. छापील फोटो पुरेसे होते.

त्यांतच तो फोटो सापडला. फाटकाजवळ एक पोलीस अधिकारी उभा, त्याच्या शेजारी पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातला एक तरुण, चेहरा स्पष्ट, उजवा हात पुढे ताणलेला, बोट रोखलेलं. अधिकारी बोटाच्या दिशेने बघतोय. मागे गर्दी. फोटोच्या पाठीवर छायाचित्रकाराने शिसपेन्सिलीने लिहिलेलं : 'ओळख पटवताना. फाटक, दुपार.'

ती बराच वेळ त्या फोटोपाशी बसली. पन्नास वर्षं जे शहर बोलत होतं ते तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं, आणि ते बघणारी ती पहिली होती. तिच्यावर कुणीही दबाव आणला नव्हता. तिने स्वतः, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'कारखान्याच्या फाटकाशी पोलिसांना संपाचे पुढारी दाखवून देताना एक कामगार.' मागच्या चार शब्दांचे तिने नऊ केले. 'संपाचे पुढारी' हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी फोटो पाहिला आणि खुर्चीतून उठलेच. "बाई, हा प्रदर्शनाच्या मधोमध लावायचा."

प्रदर्शन उघडलं. त्याच दिवशी सगळे फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावरही चढवले, खाली विनंती : ओळखीचं कोणी दिसल्यास कळवावे. चौथ्या दिवशी एका बाईने कळवलं. पाचव्या दिवशी दोनशे जणांनी. तो तरुण आता चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि जुन्या बाजारामागे सायकली दुरुस्त करायचा. आजूबाजूची पोरंसोरं त्याला पंक्चरआजोबा म्हणत. बायको वारलेली, विधवा लेक त्याच्याबरोबर राहायची आणि घरातल्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची.

सहाव्या दिवशी तो स्वतः संग्रहालयात आला. पहारेकऱ्याने खाली येऊन सांगितलं, "बाई, वर एक म्हातारा उभा आहे. अर्धा तास झाला, एकाच फोटोसमोर. ओळ लिहिणाऱ्या माणसाला बोलवा म्हणतो."

ती वर गेली. लहानखुरा माणूस, अंगात इस्त्रीचा सदरा, नखांत न निघणारं वंगण. त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही.

"हे कोणी लिहिलं?"

"संग्रहालयाने," ती म्हणाली.

"संग्रहालयाला हात असतात का, बाई?"

"मी" म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. ते तिच्या तोंडातून निघालं नाही.

"मी पुढारी दाखवत नव्हतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, जणू पत्ता सांगत होता. "ते दोघं तोवर मेले होते. मी माझा भाऊ दाखवत होतो. खाली पडला होता. साहेबाने विचारलं, ह्याला कोण ओळखतं? मी म्हटलं, माझा भाऊ. तेव्हाचा आहे हा फोटो."

"पण त्या नऊ जणांत तुमचा भाऊ..."

"नऊ जणांत नाही तो. कारखान्यात नव्हताच कामाला. एकोणीस वर्षांचा होता. सकाळी मी डबा विसरलो, तो घेऊन आला होता."

"मग त्याचं प्रेत?"

"गाडीत घातलं. संध्याकाळी मला चौकीवर बोलावलं. कामगार मेले तर दंगल म्हणता येते, रस्त्यावरचं पोर मेलं तर चौकशी लागते, असं त्यांचं आपसात चाललं होतं. माझ्यापुढे कागद सरकवला. सदर इसमास मी ओळखत नाही. सही कर म्हणाले. घरी आई एकटीच असते ना, म्हणाले. दुपारी ओळख पटवली आणि संध्याकाळी ओळखत नाही म्हणून सही केली. मी केली. कोणी हात धरून करवली नाही."

"आणि घरी?"

"घरी सांगितलं, पळून गेला. आई चौदा वर्षं पोस्टमनला विचारत होती, माझ्या धाकट्याचं काही आलंय का. तीही गेली. मग युनियनच्या लोकांना खरं सांगितलं. ते म्हणाले कागद दाखव. कागदावर तर माझीच सही."

भिंगबाईला त्या ओळीकडे बघवेना. आणि नेमकं त्याच वेळी सत्तावीस वर्षांची सवय तिच्या तोंडून बोलली. "आत्ता तुमच्याकडे काही कागद आहे का? काही पुरावा?"

तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "कागद तुमच्याकडे असतात ना, बाई."

तिने त्याला खाली नेलं, खुर्ची दिली, हरकतीचा छापील अर्ज दिला. त्याने वाकून, एकेक अक्षर दाबून लिहिलं. 'हरकतीचे स्वरूप' या रकान्यात त्याने लिहिलं : 'फोटो काढू नका. खालचं तेवढं खोडा.' सही केली, आणि सही करताना त्याचा हात मध्येच थबकला तो तिने पाहिला.

अर्ज घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि चष्मा पुसला. "समितीपुढे ठेवू. पुढच्या महिन्यात बैठक आहेच. असं आहे बाई, उद्या कोणीही येऊन म्हणेल, तो मी नव्हेच. आणि ओळ तुम्ही लिहिलीय ना? तुमचं कधी चुकलंय?"

तिने सांगायला हवं होतं की पाठीवर चारच शब्द आहेत. ती म्हणाली, "ठीक आहे, साहेब," आणि खाली येऊन दुसरी पेटी उघडली. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःच्या त्या 'ठीक आहे'ची किळस येत राहिली. म्हातारा खोटं बोलत नाही हे तिला आत कुठेतरी कळलं होतं. पण त्याचं खरं मानायचं तर आपलं खोटं मानावं लागणार होतं, आणि त्याची तिला सवय नव्हती.

समितीच्या बैठकीला एकतीस दिवस होते. शहराला तेवढा दम कुठला? सायकलच्या दुकानाच्या पत्र्यावर कोणीतरी डांबराने 'फितूर' लिहिलं. गिऱ्हाइकं अर्धवट उघडलेल्या सायकली तशाच उचलून घेऊन गेली. पाळणाघरात अकरा मुलं यायची, ती चार झाली, मग एकही नाही. मेलेल्या नऊपैकी एकाचा मुलगा, जो बसवर कंडक्टर होता, तो भर बाजारात म्हाताऱ्याच्या पायांशी थुंकला आणि कोणीतरी ते मोबाइलवर टिपून सगळीकडे पाठवलं. त्यात म्हातारा नुसता उभा दिसायचा. हात वर नाही, तोंडातून शब्द नाही. बघणारे म्हणाले, बघा, मान्यच करतोय.

सासूबाईंना हे शेजारणीकडून कळलं. संध्याकाळी सून चपला काढतेय तोच त्यांनी गाठलं. "त्या पंक्चरवाल्याचं काय केलंत गं तुम्ही लोकांनी?"

"आम्ही काही केलं नाही, आई. फोटो लावला फक्त."

"फोटो लावला तर लोक थुंकतात होय? माझाही आहे भिंतीवर, माझ्यावर कोणी थुंकलं नाही अजून." मग म्हणाल्या, "तू जेवत नाहीयेस चार दिवस. दुसऱ्या कुणाचं काही बिनसलं तरी तू जेवतेस, हे मला माहीत आहे. हे तुझंच काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, प्रदर्शन बंद झाल्यावर ती एकटी वर गेली, चौकटीची काच काढली आणि फोटोवर भिंग धरलं. आधी धरलं होतं तेव्हा ती चेहरा बघत होती. या वेळी तिने बोट बघितलं. बोट गर्दीच्या डोक्यांकडे नव्हतं. खांद्यापासून मनगटापर्यंत हात खाली उतरत गेला होता, आणि बोट रोखलं होतं ते जमिनीकडे. अधिकाऱ्याची हनुवटीही खाली. हे बघायला भिंगसुद्धा लागत नव्हतं, कुणा लहान मुलाला दिसलं असतं. मग तिने फोटोच्या कडा पाहिल्या. तीन बाजूंना छपाईची पांढरी किनार होती. खालच्या बाजूला नव्हती. पात्याने कापलेली होती. वर्तमानपत्राच्या रकान्यात बसावा म्हणून कोणीतरी खालचा भाग उडवला होता.

तिने काच परत चौकटीत बसवली.

रविवारी सकाळी तिने पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. "आज कुठे, बाई?" तो म्हणाला. "विसरलेलं काम आहे," ती म्हणाली. तोंडाला फडकं बांधून तिने फिल्मांचे डबे एकेक करून उघडले. काही फिल्मा हात लावताच मोडल्या. काहींवर सुरकुत्या धरून वरचा थर सुटला होता आणि खाली नुसतं पारदर्शक उरलं होतं. त्या दुपारचा डबा सव्विसावा निघाला. फिल्म स्प्रिंगसारखी आवळलेली. ती बोटभर सोडवायची, काचेखाली दाबायची, प्रकाशपेटीवर धरायची, पुन्हा बोटभर सोडवायची. वासाने तिला दोनदा बाहेर जाऊन ओकावं लागलं.

चौदा नंबरच्या चौकटीत तोच फोटो होता, न कापलेला. खालच्या कडेला दोन पाय. एकात चप्पल, एक अनवाणी.

पंधराव्यात छायाचित्रकार दोन पावलं डावीकडे सरकला होता. जमिनीवर एक पोरगा पडलेला, तोंड कॅमेऱ्याकडे वळलेलं, डोळे उघडे. शेजारी जेवणाचा डबा, झाकण निघालेलं. पांढऱ्या सदऱ्यातला तरुण आता गुडघ्यांवर होता आणि त्याने पोराच्या डोक्याखाली हात घातला होता. सोळाव्यात पोलिसाचा तळवा, सगळी चौकट भरून. पुढची फिल्म कोरी होती.

तिने त्या चौकटींची छायाप्रत काढली, साध्या कागदावर दोन फोटो छापले आणि सोमवारी साहेब गाडीतून उतरायच्या आत त्यांच्या दाराशी उभी राहिली. साहेब ते बघून पांढरे पडले, हे खरं. पण पहिला शब्द त्यांच्या तोंडून आला तो, "समितीला..."

"समिती नाही. आज. आत्ता. चुकलं असं आपण लिहायचं आणि त्याखाली माझं नाव घालायचं."

"घाई करू नका, बाई. संस्थेची अब्रू आहे." आणि साहेबांनी त्यांच्या दृष्टीने मधला मार्ग काढला. फोटो भिंतीवरून उतरवला, संकेतस्थळावरूनही काढला, आणि खुलासा काहीच केला नाही. संध्याकाळपर्यंत लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याने वरून दाब आणला. पत्र्यावरच्या डांबराखाली आणखी एक शब्द चढला.

ती जुन्या बाजारात गेली तेव्हा दुकान बंद होतं. पलीकडच्या शिंप्याने मान वर न करता सांगितलं, "इस्पितळात. शनिवारी पडला."

सरकारी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्यात म्हाताऱ्याची लेक बाकावर बसली होती. पंचेचाळिशीची, केस विस्कटलेले, मांडीवर औषधांची पिशवी.

"मी संग्रहालयातून आलेय," भिंगबाई म्हणाली. मग जे आठवडाभरापूर्वी म्हणायचं होतं ते म्हणाली. "ती ओळ मी लिहिली होती."

लेक ओरडली नाही. "बाबा दोनदा आले होते तुमच्याकडे."

"एकदा..."

"दोनदा. दुसऱ्यांदा पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. बैठकीनंतर या म्हणाला. तिथून आले ते अंगणात पडले. उजवी बाजू गेलीय. वाचाही गेलीय."

भिंगबाईने पाकिटातून फोटो काढला. लेकीने तो घेतला. पंधरावी चौकट. तिने आधी गुडघ्यांवर बसलेल्या आपल्या बापाला ओळखलं, मग जमिनीवरच्या पोराकडे बघत राहिली.

"हे काका?"

"हो."

"आमच्या घरात त्यांचा एकसुद्धा फोटो नव्हता. आजी मागायची. बाबा म्हणायचे, कधी काढलाच नाही." ती उठली आणि आत गेली. भिंगबाई दाराशीच थांबली. लेकीने बापाच्या डोळ्यांसमोर फोटो धरला. म्हातारा आधी नुसता बघत होता. मग त्याच्या घशातून आवाज निघाला, जनावराचा निघावा तसा, एकसारखा, थांबेना. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. परिचारिका धावत आली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने फोटो ओढून घेतला, छातीवर पालथा घातला आणि वर तळहात दाबून धरला. कुणालाही तो सोडवता आला नाही.

व्हरांड्यात परत आल्यावर लेक म्हणाली, "तुम्हाला माफी हवी असेल. ते बोलू शकत नाहीत, आणि मी देणार नाही. जा आता."

ती गेली. घरी सासूबाईंना तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्या दिवशी म्हातारीला झोप आली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग लिही ना. लिहिण्याचंच खातेस ना इतकी वर्षं?"

तिने लिहिलं. शहरातल्या दोन्ही वर्तमानपत्रांना पत्र पाठवलं : ओळ मी लिहिली, फोटोच्या मागे चारच शब्द होते, बाकीचे माझे, आणि ते खोटे होते. एकाने ते आतल्या पानावर चार बोटांएवढं छापलं, दुसऱ्याने छापलंच नाही. कंडक्टर मात्र इस्पितळात जाऊन आला. दारातूनच परत फिरला म्हणतात, आत जायचा त्याला धीर झाला नाही. पंक्चरआजोबा पडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी गेला. अंत्ययात्रेला दहा-बारा माणसं होती. भिंगबाई सगळ्यांच्या मागे चालत होती, आणि लेकीने तिला पाहूनही हाकललं नाही, एवढंच.

मग समितीची बैठक झाली. परवानगीशिवाय मूळ फिल्म हाताळली आणि संस्थेच्या परस्पर वर्तमानपत्रांशी पत्रव्यवहार केला, या दोन आरोपांवर तिला दप्तरखान्यातून काढून तिकीटखिडकीवर बसवलं. तिने दोन्ही आरोप मान्य केले. चौदावी चौकट अखंड छापून पुन्हा भिंतीवर लागली, खाली समितीने एकमताने ठरवलेली ओळ : 'बहुधा एका मृताची ओळख पटवताना कामगार.' त्या 'बहुधा'वर समितीत पाऊण तास चर्चा झाली होती.

नोकरीची चार वर्षं उरली होती. तिकीटखिडकीवर काम फारसं नसे. रजेच्या दिवशी ती नगरपालिकेच्या जन्ममृत्यू कार्यालयात जाऊन बसायला लागली. तिथल्या कारकुनाला आधी तिचा वैताग यायचा, पुढे तो स्वतःच शिडी लावून वह्या काढून द्यायला लागला. बेवारस प्रेतांची नोंदवही पाचव्या महिन्यात सापडली. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशीची नोंद : 'पुरुष, वय अंदाजे अठरा ते वीस, छातीस जखम, अंगावर निळा सदरा, एका पायात चप्पल. ओळख पटली नाही.' तिने नोंदीची शिक्क्याची प्रत काढून घेतली आणि पाळणाघराच्या दाराशी नेऊन दिली. आत दोन मुलांचे आवाज येत होते. लेकीने उभ्या उभ्या कागद वाचला, घडी केली आणि दार लावलं.

जुनी ओळ मात्र मरेना. संकेतस्थळावरून काढण्याआधी तो फोटो हजारोंनी उतरवून घेतला होता आणि तो खालच्या नऊ शब्दांसकट फिरत होता. जिथे दिसेल तिथे ती स्वतःच्या नावाने दुरुस्ती लिहून पाठवायची. शंभरात चार उत्तरं येत. एकदा शाळेची सहल आली, मुली रांगेत उभ्या, आणि एकीच्या हातातल्या प्रकल्पाच्या पुठ्ठ्यावर तोच फोटो, रंगीत शाईने ठळक लिहिलेलं : फितूर. भिंगबाई खिडकी तशीच टाकून बाहेर आली. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला. तिने त्या मुलीला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, आपण काय लिहिलं तेही. मुलगी ऐकत होती. शिक्षिका म्हणाली, "अहो, पण सगळीकडे असंच दिलंय."

"ते सगळीकडे मीच दिलंय," ती म्हणाली.

तिच्या निवृत्तीच्या साधारण वर्षभर आधी एका दुपारी खिडकीच्या जाळीपलीकडे म्हाताऱ्याची लेक येऊन उभी राहिली. हातात फाइल होती. कारखान्याच्या फाटकासमोरच्या दगडावर दहावं नाव घालावं असा अर्ज तिने केला होता. सोबत फोटो जोडला होता, बेवारस नोंदीची प्रत जोडली होती, आणि कंडक्टरचं एक पत्रही होतं, माझ्या वडिलांच्या नावाखाली हे नाव घालायला माझी हरकत नाही असं. फोटो खरा असल्याबद्दल तो शोधणाऱ्या माणसाचं निवेदन लागत होतं.

"इथे सही करा," ती म्हणाली.

भिंगबाईने निवेदन वाचलं. चौदा, पंधरा आणि सोळा या चौकटींचं वर्णन नेमकं होतं, कुठेही एक शब्द जास्तीचा नव्हता. तिने सही केली, खाली तारीख घातली.

"चहा घेता का?" तिने विचारलं.

"नको," लेक म्हणाली. फाइल बांधता बांधता मध्येच थांबली. "आतला फोटो बघायचा होता. तिकीट द्या एक."

"तुम्हाला तिकीट नाही."

"द्या," लेक म्हणाली.

भिंगबाईने तिकीट फाडून जाळीखालून सरकवलं. लेक आत गेली ती संग्रहालय बंद व्हायच्या वेळेला बाहेर आली. खिडकीकडे न बघता पायऱ्या उतरून गेली. अर्जावर अजून निर्णय झालेला नाही.